स्पितीला गाडीने : किन्नौरकडून आत, कुंझुमवरून बाहेर

पायवाट_नाशिक

नमस्कार मंडळी. हिमाचलमधल्या स्पितीबद्दल इथे दर उन्हाळ्यात कोणी ना कोणी विचारतंच आणि प्रश्न जवळजवळ एकच असतो, की मनालीहून निघून चंद्रताल, काझा, ‘की’ गावचा गोम्पा (मठ), हिक्कीमचं पोस्ट ऑफिस आणि परत मनाली असं लाँग वीकेंडला जोडून बसेल का. बसतं. लोक करतात. पण मला अगदी मनापासून सांगायचंय की शक्य असेल तर असं करू नका. शिमल्याकडून किन्नौरमधून आत जा आणि कुंझुम खिंडीवरून मनालीला बाहेर पडा. का, ते सांगण्यासाठीच हा धागा काढलाय. आम्ही दोघं सप्टेंबरमध्ये असेच गेलो होतो, दीर चंदीगडला असतात त्यांची गाडी घेऊन, आळीपाळीने चालवत.

पहिला भाग पटकन सांगते. चंदीगड ते नारकंडा हा सगळा ट्रॅफिक, हॉटेलं आणि सफरचंदांच्या पेट्यांचे ट्रक. शिमल्यात थांबायची गरज नाही, नारकंडाला थांबा, साधारण २,७०० मीटर आहे, देवदारात झोप छान लागते. तिथून रस्ता खाली उतरून रामपूरला सतलजच्या काठाला लागतो आणि मग पार खाबपर्यंत ती नदी तुमच्यासोबत असते. पाणी सिमेंट कालवल्यासारखं करडं. नाथपा झाकरी १,५०० मेगावॉटचा प्रकल्प, पुढे करछम वांगतू, जिकडे बघावं तिकडे बोगद्यांची तोंडं, डंपर, धूळ. ज्यांना फक्त सुंदर बघायचंय त्यांना हा पट्टा नकोसा होतो. पण एवढ्या उभ्या डोंगरातून एवढं पाणी, एवढी वीज आणि एवढा रस्ता एकदमच काढायचा म्हटल्यावर डोंगराचं काय होतं हे इथे डोळ्यांनी दिसतं, मला तरी ते बघायलाच हवं असं वाटलं.

तरंडाच्या आसपास रस्ता कातळ पोखरून काढलाय, डोक्यावर दगडाचं छत आणि एका बाजूला थेट दरी. जुना हिंदुस्तान तिबेट रस्ता १८५० मध्ये डलहौसीच्या काळात सुरू झाला, तो बराच वरून जायचा, खेचरांचा रस्ता. आताचा राष्ट्रीय महामार्ग ५ खालून नदीकाठाने जातो. तरंडा देवीच्या देवळापाशी प्रत्येक ट्रकवाला थांबतो, आपणही थांबायचं.

मग कल्पा. साधारण २,९५० मीटर. समोर किन्नर कैलास आणि जोरकंदन, ६,४७३ मीटरचं शिखर, खोलीच्या खिडकीतून. इथे दोन रात्री द्याच. बघायला खूप आहे म्हणून नाही, शरीराला सवय व्हावी म्हणून. कल्पाखालच्या रेकाँग पिओच्या (सगळे नुसतं पिओ म्हणतात) खाली पोवारीला पेट्रोल पंप आहे, तिथे टाकी फुल करा, कारण यानंतर भरवशाचा पंप थेट काझाला.

पिओनंतर झाडं संपतात. एकदम संपत नाहीत, आधी देवदार जातात, मग चिलगोज्याची पाइन दिसतात, मग तीही विरळ होतात आणि पूहच्या पुढे नुसता उघडा डोंगर उरतो. खाबला स्पिती नदी सतलजला मिळते. सतलज तिबेटातून शिपकी ला खिंडीकडून येते, स्पिती उत्तरेकडून, आणि दोन्हींच्या मधे एक छोटा पूल. पूल ओलांडला की रस्ता एकामागून एक वळणं घेत सरळ आकाशात चढायला लागतो, ही ‘का’ नावाच्या गावाची वळणं. वर नाको, ३,६०० मीटरच्या पुढे. छोटंसं तळं, त्याच्याकडेला गाव, आणि डोक्यावर रिओ पुर्ग्यिल, ६,८१६ मीटर, हिमाचलमधलं सगळ्यात उंच शिखर.

पुढचा भाग रात्री टाकते. तोवर प्रश्न असतील तर विचारा.

गुडघेदुखी

वाचनखूण साठवली. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

रविवार_मोकळा

ताई, मस्त लिहिताय. पण मी नेमका तोच लाँग वीकेंडवाला आहे. पुण्याहून विमानाने चंदीगड, रात्रीची बस मनाली, सकाळी टॅक्सी आणि संध्याकाळी चंद्रतालच्या तंबूत, असं ठरवलंय. सोबत आई आहे, वय ६८, बीपीची गोळी चालू आहे पण रोज पर्वती चढते. बोगदा झाल्यापासून मनालीकडून सोपं झालंय ना आता? एवढं फिरून जाण्यात माझी रजाच संपते. खरंच एवढा फरक पडतो का?

स्टेथो

रविवार_मोकळा, मी फिजिशियन आहे म्हणून लिहितो, हे वाचून तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांशीही बोला.

मनाली साधारण २,०५० मीटर. चंद्रताल ४,२५० च्या वर. म्हणजे एका दिवसात २,२०० मीटर वर जाऊन तिथेच झोपायचं. सर्वसाधारण नियम असा की ३,००० मीटरच्या वर गेल्यावर झोपण्याची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि मधे एखादा विश्रांतीचा दिवस घ्यावा. चंद्रतालला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्के, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही तेवढाच. पर्वती चढण्याने हृदय आणि पाय चांगले राहतात, पण विरळ हवेची सवय त्याने होत नाही. धडधाकट पंचविशीतला पोरगासुद्धा पहिल्या रात्री आडवा होतो, आणि अशी पोरं जास्त अंगावर काढतात.

डोकं दुखणं, मळमळ, भूक नसणं, झोप न लागणं इथपर्यंत असेल तर आहे तिथेच थांबा, वर जाऊ नका. बसल्या जागी धाप लागतेय, खोकला सुटतोय, बोलताना अडखळायला होतंय, सरळ रेषेत चालता येत नाहीये, तर रात्र असो पाऊस असो, खाली उतरायचंच. सकाळपर्यंत बघू म्हणायचं नाही. डायमॉक्स या उंचीच्या त्रासावरच्या गोळीचा उपयोग होतो, पण सल्फाची अ‍ॅलर्जी आहे का, बीपीची गोळी कोणती आहे, हे बघून डॉक्टर डोस ठरवतील. दारू आणि झोपेच्या गोळ्या पूर्ण बंद.

आणि एक गोष्ट नकाशा बघून लक्षात येत नाही. काझात त्रास झाला आणि खाली जायचं ठरवलं तर मनालीकडे जायला आधी कुंझुम चढावी लागते, साधारण ४,५५० मीटर. म्हणजे उतरण्यासाठी आधी आणखी ९०० मीटर वर. दुसऱ्या बाजूला ताबो ३,२८० मीटर आहे तिथपर्यंत बरं, पण त्याच्यापुढे पुन्हा नाकोचा चढ लागतो. स्पिती हा असा वाडगा आहे, बाहेर पडायला काठ चढावाच लागतो. काझात रुग्णालय आहे, ऑक्सिजन मिळतो, पण मोठं काही झालं तर रस्त्यावर अवलंबून. म्हणूनच पायवाट_नाशिक सांगतायत ती दिशा वैद्यकीय दृष्टीनेही बरोबर आहे.

पायवाट_नाशिक

स्टेथो, खूप खूप आभार, हे एवढं नीट मला मांडता आलं नसतं.

रविवार_मोकळा, बोगद्याने सोपं झालं हे अर्धंच खरं आहे. अटल बोगदा ९.०२ किलोमीटर, ३ ऑक्टोबर २०२० ला सुरू झाला, आणि त्यामुळे रोहतांगचा चढ आणि त्याचं परमिट दोन्ही वाचतं हे खरंय. पण बोगद्याने लाहौल जवळ आलं. स्पितीला जायला बाहेर पडल्यावर उजवीकडे कोकसरकडे वळून ग्रामफूला जायचं आणि तिथून बातलपर्यंतचा रस्ता जसा होता तसाच, नदीच्या दगडगोट्यांतून. बोगद्याने वेळ वाचला तो सगळा उंची पटकन गाठण्यात गेला, शरीराचा वेळ काही वाचला नाही.

ताबोबद्दल लिहिते आता, कारण माझ्यासाठी अख्ख्या प्रवासात ताबो सगळ्यात वर आहे.

नाकोच्या पुढे मलिंग नाला लागतो. इथला डोंगर म्हणजे माती आणि सुटे दगड, वर पाणी मुरतं आणि सगळं सरकत खाली येतं, अनेक वर्षं हा या रस्त्याचा सगळ्यात बेभरवशाचा तुकडा मानला जातो. सकाळी लवकर पार करायचा, गाडीत गाणी बंद, एकाने वर बघायचं. मग चांगो, शलखर, सफरचंदाच्या बागा, आणि सुमदोला चेकपोस्ट. तिथून स्पिती. थोडं पुढे उजवीकडे ग्यूचा फाटा. ग्यूला एका लामाची ममी आहे, साधारण ५०० वर्षांपूर्वीची, काहीही लेप वगैरे न लावता केवळ थंड कोरड्या हवेत टिकलेली, गुडघा छातीशी घेऊन बसलेली, दात केस दिसतात. १९७५ च्या किन्नौर भूकंपात जिथे होती ती जागा ढासळली आणि ती वर आली. गावाला मोबाइलचं नेटवर्क मिळालं ते एप्रिल २०२४ मध्ये. लोक ममीसोबत सेल्फी काढतात ते मला आवडलं नाही. ते तिथल्या लोकांचं दैवत आहे.

ताबो सन ९९६ चं. पश्चिम तिबेटातल्या गुगे राज्याचा राजा येशे ओ आणि थोर भाषांतरकार रिन्चेन झांगपो यांच्या काळातलं. बाहेरून बघितलं तर मातीचे बुटके ठोकळे, त्यांच्याकडे बघून आत काय असेल याची काही कल्पना येत नाही. आत गेल्यावर डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला वेळ द्या. मग भिंतींवर हळूहळू चित्रं दिसायला लागतात, आणि भिंतींतून पुढे आलेल्या मातीच्या मूर्ती, माणसाच्या आकाराच्या जवळपास, ओळीने सगळ्या दालनाभोवती. मधे चार दिशांना तोंड केलेले चार वैरोचन, म्हणजे बुद्धाचं एक रूप. फोटो काढायला मनाई आहे आणि ते फार चांगलं आहे, कारण मग आपण खरंच बघत बसतो. ताबोला हिमालयातलं अजिंठा म्हणतात. आपल्याकडे अजिंठा बघितलेलं असतं म्हणून मनात तुलना होतेच, पण तिथे पाठीशी अख्खा बसाल्टचा डोंगर आहे आणि इथे नुसती माती. पाऊस जवळजवळ पडत नाही या एका भरवशावर ही माती हजार वर्षं उभी आहे. सपाट मातीचं छप्पर, खाली लाकडी तुळया. आता त्या भागातही अवेळी जोराचा पाऊस होतो आणि छपराला तो सोसत नाही. हे ऐकून मला तिथे बसल्या बसल्या भीती वाटली, कारण दगडाची डागडुजी करता येते, मातीवरचं हजार वर्षांचं चित्र एकदा ओघळलं की गेलं.

ताबोत रात्र काढाच. उंचीही नाकोपेक्षा कमी, झोप चांगली लागते.

थम्प

ताई, लेख उत्तम पण मुद्द्यावर थोडा विरोध. किन्नौरकडून जा हे सरसकट सांगू नका. जुलै ऑगस्टमध्ये किन्नौर म्हणजे दरडींचा प्रदेश. जुलै २०२१ मध्ये सांगला खोऱ्यात बटसेरीला वरून आलेल्या दगडांनी पर्यटकांची गाडी चिरडली, लोखंडी पूल तुटला. त्यानंतर लगेच ११ ऑगस्टला निगुलसरीला दरड कोसळली, राज्य परिवहनची बस आणि इतर गाड्या गाडल्या गेल्या. आमच्यासारख्यांना मान्सूनमध्येच सुट्टी मिळते. तेव्हा मनालीकडूनच बरं नाही का, लाहौल स्पिती पर्जन्यछायेत आहे ना?

पायवाट_नाशिक

थम्प, दरडींचं तुम्ही म्हणता ते शंभर टक्के खरं, आणि माझं उत्तर एवढंच की मग जुलै ऑगस्टमध्ये जाऊच नका, कुठूनच. पर्जन्यछाया आहे पण मनालीपर्यंत पोचायचं ते बियासच्या काठाने, कुल्लू मंडीतून, तिथे काय होतं ते दर पावसाळ्यात बातम्यांत बघतोच. आणि जुलै २०२३ मध्ये चंद्रतालला जवळपास ३०० लोक अडकले होते, भर जुलैत बर्फ पडलं, रस्ता खणून त्यांना बाहेर काढायला दिवस लागले. जूनच्या मध्यापासून ते पावसाआधी, किंवा सप्टेंबर ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा. रजा मिळत नसेल तर त्या वर्षी दुसरीकडे जावं, स्पिती पुढच्या वर्षीही आहे.

थम्प

हे मान्य. सप्टेंबरला आमचंही मत आहेच.

एसटीप्रेमी

गाडी नाही म्हणून कोणी अडून राहू नका. एचआरटीसीची, म्हणजे हिमाचलच्या एसटीची, बस रेकाँग पिओहून रोज सकाळी लवकर काझाला निघते, संध्याकाळपर्यंत पोचते. खिडकीची सीट आदल्या दिवशी जाऊन विचारून ठेवायची. त्या रस्त्यावर त्या ड्रायव्हरचा हात बघणं हा एक अनुभव आहे, पूर्ण लांबीची बस, एक चाक जवळजवळ कडेवर, समोरून ट्रक, आणि हा माणूस शांतपणे मागे घेतो. कंडक्टर वर्तमानपत्रं, औषधं, गाडीचे पार्ट, कुणाचं मनिऑर्डर फॉर्मचं पाकीट, सगळं गावागावात पोचवतो. मला वाटतं त्या खोऱ्याला बाहेरच्या जगाशी जोडून ठेवण्याचं मोठं काम ही बस करते. आपल्याकडे एसटीने जे गावोगाव केलं तेच. काझाहून मनालीची बस फक्त कुंझुम उघडी असेल तेव्हाच. शेअर टॅक्सीही मिळतात, आदल्या संध्याकाळी नाव द्यायचं.

न्यूजर्सीकर

परमिटचं कोणी सांगेल का? मी ओसीआय (भारतीय वंशाचा, पण पासपोर्ट परदेशी) आहे, बायको भारतीय पासपोर्टवाली.

थम्प

भारतीयांना किन्नौर स्पितीसाठी इनर लाइन परमिट, म्हणजे सीमाभागात जायचा परवाना, लागत नाही, फक्त चेकपोस्टवर नोंद. परदेशी पासपोर्ट असेल तर ओसीआय असूनही पिओ ते ताबो पट्ट्यासाठी परमिट लागतं. रेकाँग पिओला काढून मिळतं, काझाकडून उलट येत असाल तर काझात. शनिवार रविवार आणि सरकारी सुट्ट्या बघून जा, ऑफिस बंद म्हणजे दिवस गेला. फोटो आणि पासपोर्टच्या झेरॉक्स घरूनच न्या.

पायवाट_नाशिक

आता काझा आणि वरची गावं.

ताबोहून काझा पन्नासेक किलोमीटर. मधे धनकरचा फाटा. धनकर ही एकेकाळची स्पितीची राजधानी, पिन आणि स्पिती नद्यांच्या संगमावर, मातीच्या सुळक्यांवर अडकवल्यासारखा मठ. खालून बघताना हे उभं कसं राहिलंय तेच कळत नाही. २००६ मध्ये जगातल्या धोक्यात असलेल्या १०० वास्तूंच्या यादीत त्याचं नाव आलं होतं. जुन्या मठात एका वेळी मोजकीच माणसं सोडतात, ते नीट पाळा. समोर अतरगूला पूल ओलांडून पिन खोऱ्यात जाता येतं, शेवटचं गाव मुद. वेळ असेल तर पिनला एक रात्र द्या, हिरव्या जांभळ्या दगडांचे डोंगर आणि छोटे चामुर्ती घोडे.

काझा म्हणजे बाजार, पंप, एटीएम, दवाखाना, मेकॅनिक. गाव म्हणून सुंदर नाही पण हवं ते सगळं मिळतं आणि मुक्काम इथेच टाकून वरची गावं दिवसा करावीत. की गोम्पा ४,१६६ मीटरवर, स्पितीतला सगळ्यात मोठा मठ. स्वयंपाकघरात लामा चहा देतात, बसून प्या, घाई करू नका. पुढे किब्बर, आणि किब्बरहून चिचम. या दोन गावांच्या मधे खोल घळ आहे, २०१७ मध्ये पूल झाला, त्याआधी लोक तारेवरच्या पाळण्यात बसून हाताने दोर ओढत जायचे यायचे. बाळंतीण असो, गोणी असो, शाळेतली पोरं असोत. पुलावर थांबून सगळे खाली दरीचा व्हिडिओ काढतात. बाजूला त्या जुन्या पाळण्याच्या तारा कुठे होत्या ते कोणाला तरी विचारून बघा, मग पुलाची किंमत कळते.

लांगझा, हिक्कीम, कोमिक ही तीन एका दिवसात होतात. हिक्कीमचं पोस्ट १९८३ पासून आहे, ४,४०० मीटरवर. तिथून पत्र टाकाच. कोमिक ४,५०० च्या वर, गाडीरस्त्याने जोडलेलं सगळ्यात उंच गाव अशी पाटी आहे. मला पाटीपेक्षा तिथलं मटाराचं शेत लक्षात राहिलं. स्पितीत मुख्य पैसा मटाराचा, आणि घरच्यापुरतं जव. ते सगळं कूलवर, म्हणजे वरच्या बर्फाचं पाणी पाटाने आणून. गेली काही वर्षं बर्फ कमी पडतं, उशिरा पडतं, मग ऐन पेरणीला पाटात पाणी नाही. आम्ही जिथे जेवलो त्या घरातल्या आजी (तिकडे त्यांना आमा म्हणतात) हेच सांगत होत्या. त्यांच्या घरी कोरडा संडास आहे, खाली माती राख टाकतात आणि वर्षाने त्याचं खत शेतात जातं. पाहुण्यांना मात्र फ्लश लागतो. ज्या गावात प्यायचं पाणी डोक्यावरून आणतात तिथे एका फ्लशला दोन बादल्या. म्हणून माझी विनंती, होमस्टेत कोरडा संडास असेल तर तो वापरा, वास येत नाही, राख नीट टाकायची एवढंच. अंघोळ तिकडे रोज केली नाही तर काही बिघडत नाही. आणि पाण्याच्या प्लास्टिकच्या बाटल्या विकत घेऊ नका, उकळलेलं पाणी सगळीकडे भरून देतात.

लांगझात मोठी बुद्धमूर्ती आहे आणि मागे चौ चौ कांग निल्दा शिखर. तिथे पोरं खिशातून दगड काढून दाखवतात, आत शंखासारखा आकार. घेऊ नका.

दगडधोंडे

लांगझाच्या दगडांवर थोडं लिहितो, भूगर्भशास्त्र शिकवत होतो अनेक वर्षं. हे अमोनाइट. शंखासारखं कवच असलेले समुद्री प्राणी, आजच्या माकूळ आणि ऑक्टोपसचे लांबचे नातेवाईक. भारताचा तुकडा आशियाला धडकण्याआधी मधे टेथिस समुद्र होता, त्याच्या तळाशी जो काळा चिखल साठला तो थर म्हणजे जगभर प्रसिद्ध असलेली स्पिती शेल, ज्युरासिक काळातली. पुढे टक्कर झाली आणि समुद्राचा तळ चार साडेचार हजार मीटरवर गेला. नेपाळात गंडकीच्या पात्रात मिळणारा, आपल्या देवघरातला शाळिग्राम, तोही हाच. त्याच वयाच्या, त्याच प्रकारच्या काळ्या शेलमधला अमोनाइट, आत चक्राची खूण. म्हणजे नाशिकच्या पंचवटीत एखाद्या घरी रोज ज्याला तुळस वाहतात तो आणि लांगझाच्या शेतात पडलेला दगड हे एकाच समुद्रातले. मला यापेक्षा मोठं आश्चर्य माहीत नाही.

आणि ताई म्हणतात ते अगदी खरं, उचलून नेऊ नका, विकत घेऊ नका. कुठल्या थरात, कशाच्या शेजारी सापडला हे गेलं की अभ्यासाच्या दृष्टीने तो नुसता गोटा. गावकऱ्यांनीही विक्रीला विरोध केलेला आहे. बघा, हातात घेऊन बघा, परत ठेवा.

पायवाट_नाशिक

सर, हे वाचून काटा आला अंगावर. आमच्या देवघरात शाळिग्राम आहे.

बिबट्यामागे

हिवाळ्याचं एक सांगतो. फेब्रुवारी मार्चमध्ये किब्बरला हिमबिबट्यासाठी लोक येतात, तेव्हा कुंझुम बंद असते आणि किन्नौरकडूनच यावं लागतं, तेही बर्फ पडलं की रस्ता बंद. उणे वीसच्या आसपास रात्री, नळ गोठलेले, अंघोळ हा विषयच नाही. हिमबिबट्या दिसला तर सांगायला शब्द नाहीत, पण मला जास्त भावलं ते गावाचं काम. मेंढ्या याक मारले म्हणून पूर्वी लोक त्याच्यावर चिडून असायचे. मग गावाने कुरणाचा एक भाग गुरांना बंद ठेवला, तिथे भरल म्हणजे निळ्या मेंढ्या वाढल्या, बिबट्याला नैसर्गिक भक्ष्य मिळालं, आणि गुरांसाठी गावातच विमा चालवला. म्हैसूरची नेचर कॉन्झर्व्हेशन फाउंडेशन तिथे गावासोबत वर्षानुवर्षं काम करतेय. आज तीच पोरं दुर्बिणी लावून कड्यावर बसतात आणि त्यावर घर चालतं. जाणार असाल तर स्थानिक स्पॉटरच घ्या आणि त्याने थांब म्हटलं की थांबा, प्राण्याच्या मागे धावू नका.

गुडघेदुखी

काय धागा झालाय हा. गाडीचं विचारतो, हॅचबॅक चालेल का? आमची साधी पेट्रोल आहे.

थम्प

काझापर्यंत किन्नौरकडून आरामात चालेल. काझा ते लोसरही ठीक. प्रश्न कुंझुम उतरल्यावर बातल ते ग्रामफूचा. तिथे रस्ता म्हणजे दगडगोटे, आणि ओढे थेट रस्त्यावरून वाहतात. गाडीचं पोट घासतं, चेंबरला दगड लागला तर तेल सांडून गाडी जागेवरच, आणि टोचन लावून ओढायला मनाली किंवा काझाहून माणूस बोलवावा लागतो, नेटवर्क नाही म्हणजे आधी कोणाच्या तरी गाडीतून निरोप पाठवायचा. हॅचबॅकवाले जातात, पण चार माणसं आणि भरलेली डिकी घेऊन नको. रुंदीकरणाचं काम चालू असतं, त्यामुळे एका महिन्यात चांगला तर पुढच्या महिन्यात उखडलेला.

ओढ्यांचा नियम सगळ्यांनी लक्षात ठेवा. हे पाणी वरच्या हिमनद्यांचं. रात्री गोठतं, दिवसा वितळतं. सकाळी ज्या ओढ्यात घोटाभर पाणी असतं तोच ओढा दुपारी तीनला मांडीपर्यंत येतो. म्हणून काझाहून पहाटे निघायचं आणि बातलच्या पुढचे ओढे शक्यतो दुपारच्या आत. पाण्यात शिरण्याआधी खाली उतरून बघा, पुढची गाडी कुठून गेली ते बघा. पहिल्या गिअरमध्ये, एका लयीत, मधे क्लच दाबायचा नाही, थांबायचं नाही. हाफ क्लचवर खेळत बसलात तर तिथेच क्लच प्लेट जळते. बाइकवाल्यांनी एकट्याने जाऊ नये, पाण्यात पडलं तर थंडीने हात काम करत नाहीत. आणि चढणाऱ्या गाडीला आधी वाट, हे आपल्या घाटात पाळत नसाल तर तिकडे जायच्या आधी शिकून घ्या.

पायवाट_नाशिक

थम्प, हे सगळं प्रत्येकाने दोनदा वाचावं असं आहे.

शेवटचा टप्पा मग थोडक्यात. काझात टाकी फुल, रस्ता उघडा आहे का ते आदल्या संध्याकाळी टॅक्सी स्टँडवर विचारायचं, तिथे खरी बातमी मिळते. लोसर हे या बाजूचं शेवटचं गाव, चेकपोस्टवर नोंद करायची आणि नाश्ता करून घ्यायचा. कुंझुमवर देवीचं छोटं देऊळ, पताका, सगळ्या गाड्या देवळाला प्रदक्षिणा घालून पुढे जातात. वर जास्त वेळ रेंगाळू नका. उतरताना चंद्रतालचा फाटा. किन्नौरकडून आलेला असाल तर या वेळेपर्यंत शरीर तयार असतं, त्यामुळे चंद्रतालची रात्र खरंच मिळते, डोकं धरून तंबूत पडून राहत नाही. तळ्याच्या काठावर तंबूंना बंदी आहे, ते अलीकडे दोनतीन किलोमीटरवर लावतात आणि तिथून चालत जायचं. २००५ पासून रामसर यादीतली (महत्त्वाच्या पाणथळ जागांची आंतरराष्ट्रीय यादी) जागा आहे, काठावर स्पीकर लावणाऱ्यांना आम्ही विनंती करून बंद करायला लावलं, तुम्हीही बोला, गप्प बसू नका.

बातलला चाचा चाचीचा ढाबा. राजमा चावल आणि चहा. बर्फात अडकलेल्या कितीतरी लोकांना या जोडप्याने दिवसच्या दिवस आसरा दिलाय, त्यांच्याकडे बसून खाल्ल्याशिवाय पुढे जाऊ नका.

रविवार_मोकळा

सगळं वाचलं, आईलाही वाचून दाखवलं. प्लॅन बदलला. मोठी रजा सप्टेंबरमध्ये टाकतोय. नारकंडा, कल्पा, ताबो, काझा. आईच्या डॉक्टरांची वेळ घेतलीये. दोन प्रश्न राहिले. आईने कोमिक करावं का? आणि परतताना कुंझुम की आल्या रस्त्याने मागे?

स्टेथो

काझात दोन रात्री चांगल्या गेल्या, भूक नीट आहे, डोकं दुखत नाही, तर लांगझा कोमिक दिवसा करून झोपायला काझात परत, यात सहसा अडचण येत नाही. वर गेल्यावर गाडीतून उतरून हळू चालायचं, देवळाच्या पायऱ्या धावत चढायच्या नाहीत. बीपीची गोळी स्वतःहून बंद करायची नाही. सकाळी उठल्यावर काही वेगळं वाटलं तर त्या दिवशी काझातच.

पायवाट_नाशिक

कुंझुमचं तिथे गेल्यावर ठरवा. आई ठणठणीत असतील आणि टॅक्सी स्टँडवर रस्ता चांगला सांगितला तर पहाटे निघून कुंझुमवरून बाहेर पडा. तुमच्या बाबतीत चंद्रतालचा मुक्काम मी टाळला असता, फाट्यावरून आत जाऊन तळं बघून त्याच दिवशी पुढे जाणंही नको, ओढ्यांची वेळ चुकते. सरळ सिस्सूपर्यंत या, बोगद्याच्या या तोंडाशी आहे, ३,१०० मीटरच्या आसपास, चांगली हॉटेलं आहेत, आईंना गरम पाणी मिळेल. रस्त्याबद्दल जरा जरी शंका असेल तर आल्या वाटेने मागे, आणि मग सांगल्यात रात्र काढा, येताना राहिलेलं तेही होईल. टॅक्सी ठरवताना दोन्ही शक्यतांचे पैसे आधीच बोलून घ्या म्हणजे तिथे वाद नको. आणि आईंसाठी ताबोच्या मठात घेऊन जायला एक घडीचं स्टूल न्या, आत बसायला मिळालं तर त्या शांतपणे सगळं बघू शकतील.